आज्जाची आठवण कागदावर कशी उतरवायची?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की लहानपणीच्या आज्जाच्या, आबांच्या, आजोबांच्या आठवणी लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, व्हॉट्सअॅपवर तर अजून येताहेत, पण बऱ्याच पत्रांत आठवण दोन ओळींची आणि खाली प्रश्न मोठा. म्हणून यावेळी सदरात फक्त तेच प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाही, घरातल्या गोष्टी आहेत.

प्रश्न : आमचे आज्जा मागच्या पौषात गेले. आता वर्षश्राद्धाला सगळे गावाकडं जमणार, तर चुलत भाऊ म्हणाला तू शिकलेली आहेस, आज्जांवर दोन पानं लिही, झेरॉक्स काढून सगळ्यांना देऊ. मी चार वेळा लिहायला बसले. दर वेळी 'अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ, शिस्तप्रिय' असलंच काहीतरी येतं, पेपरातल्या भावपूर्ण श्रद्धांजलीसारखं, आणि ते वाचून मलाच आज्जा दिसत नाहीत. आज्जा चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळवे होते. मला नीट आठवतं ते एकच, ते काहिलीतला उकळता पाक पाण्याच्या वाटीत टाकायचे आणि त्याची गोळी माझ्या हातावर ठेवायचे. एवढ्यावर दोन पानं कशी व्हायची?
– एक नात, करवीर तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. दोन पानं काय, चार होतील, आणि ती सगळी त्या वाटीत आहेत.

आता बघा, ती गोळी त्यांनी तुमच्यासाठी केलेली नव्हती. पाक झालाय का ते बघायला केलेली होती, आणि बघून झाल्यावर ती तुमच्या हातावर आली. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या एका अंदाजावर अख्ख्या काहिलीचा गूळ ठरत होता, त्या माणसाला ऐन गडबडीत पण नात शेजारी उभी आहे हे दिसत होतं. हे तुम्ही 'प्रेमळ होते' असं लिहिलंत तर गेलंच सगळं. वाटी लिहा, पाणी लिहा, चटका बसला असेल तर तो लिहा.

पण त्याच्या आधी काय व्हायचं ते लिहायला पाहिजे, नाहीतर पुण्या-मुंबईला वाढलेल्या तुमच्या भाचरांना त्या गोळीची किंमत कळणार नाही. रस काहिलीत पडायचा, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारणारा माणूस बसलेला, रस तापायला लागला की भेंडीच्या ताटांचा चिकट रस त्यात घालायचे, म्हणजे सगळी घाण मळी होऊन वर यायची आणि ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग उकळी, मग फेस, मग फेस बसून जाड जाड बुडबुडे. पाक साधारण ११८ अंशाला आला की काहील उतरवायची असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण जुन्या गुऱ्हाळावर थर्मामीटर कुठला आलाय, बुडबुडा फुटतो कसा, वाफेचा वास कसा येतो आणि पाण्यात टाकलेल्या पाकाची बोटात गोळी होते का, एवढ्यावर गुळवे सांगायचे, उतरा. लवकर उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर काळा पडतो, आणि काळा गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला गेला की दर पडलाच. म्हणजे शेतकऱ्याचा अख्ख्या वर्षाचा ऊस तुमच्या आज्जांच्या दोन बोटांवर होता ताई. उतरवल्यावर पाक वाफ्यात ओतायचा, घोटायचा, मग रवे भरायचे. यातली बरीच नावं आता आमच्या पोरांना माहीत नाहीत. चुलवाण, काहील, मळी, वाफा, काकवी, रवा, हे शब्द तुमच्या दोन पानांत आलेच पाहिजेत, कंसात अर्थ वगैरे देत बसू नका, वाचणारा विचारेल घरात कुणालातरी, विचारू दे.

मी माझंच सांगते. माझे आज्जा शाहू मिलमध्ये सूतखात्यात होते. मिल १९०६ साली शाहू महाराजांनी काढली, २००३ साली बंद पडली, ही माहिती कुठंही मिळते. आज्जा गेल्यावर मी पण पहिल्यांदा हेच लिहिलं होतं, सालं, किती वर्षं नोकरी केली, किती पगार होता. आणि मग आमच्या आत्त्यानं वाचून एवढंच विचारलं, अगं, ते घरी आल्यावर भुवयांत कापूस असायचा ते कुठाय? मी विसरलेच होते. दारात आले की मी त्यांच्या मांडीवर चढून भुवईतला कापूस वेचायची आणि ते डोळे मिटून गप बसायचे. आत्त्या नसती तर ते गेलंच असतं. म्हणून लिहायच्या आधी तीन-चार माणसांना भेटा. आज्जांबरोबर गुऱ्हाळावर कामाला असलेलं कुणीतरी गावात अजून असेल, त्यांना जाऊन विचारा. आज्जा कसे होते असं विचारू नका, 'लई चांगला माणूस' एवढंच उत्तर येतंय. दिवसाला किती काहिली निघायच्या, रात्री झोपायचे कुठं, भाकरी कोण आणायचं, कधी काहील बिघडली का, बिघडल्यावर आज्जा काय बोलले, असं विचारा. बिघडलेल्या काहिलीची गोष्ट मिळाली तर ती नक्की घाला. चुकीतला माणूस लवकर दिसतो.

आणि एक काम करा. पौषात हंगाम भरात असतो. पहिल्यासारखी गल्लोगल्ली नसली तरी करवीर, पन्हाळा भागात गुऱ्हाळं अजून चालतात. लिहायला बसायच्या आदल्या दिवशी एखाद्या गुऱ्हाळावर तासभर नुसतं जाऊन उभ्या राहा. वासाचा आणि आठवणीचा मेंदूत फार जवळचा शेजार आहे, वासाची नस जिथं पोचते त्याला लागूनच भावना आणि आठवणी सांभाळणारा भाग आहे, त्यामुळं फोटो बघून जे आठवत नाही ते कधीकधी एका वासानं येतं. वही जवळ ठेवा. मोबाईलवर टाईप करत बसू नका, हात चिकट होतील.

प्रश्न : आम्ही दोघं भाऊ. मोठा म्हणतो आजोबांनी आपल्या दोघांना खासबागेत मोठी कुस्ती बघायला नेलं होतं आणि मी आजोबांच्या खांद्यावर बसलो होतो. मला हे अजिबात आठवत नाही. मला आठवतं ते वेगळंच, आजोबा एकटेच गेले होते, मी रडत दारात बसलो होतो आणि ते येताना बत्तासे घेऊन आले. दरवर्षी आजोबांच्या तिथीला यावरनं वाद होतो, एकदा तर जेवणावरनं उठलो. खरं कुणाचं?
– मंगळवार पेठ

दादा, दोघांचंही थोडं थोडं खरं असेल आणि थोडं थोडं नंतर तयार झालेलं असेल. आठवण ही पेटीत ठेवलेल्या फोटोसारखी नसते. दर वेळी आठवताना ती आपण परत जुळवतो, आणि जुळवताना त्यात मोठ्यांनी सांगितलेलं, फोटोत बघितलेलं, दुसऱ्या वर्षीचं असं सगळं मिसळतं. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला ते तसंच दिसत असतं. कदाचित मोठ्या भावाला एका वर्षी नेलं असेल आणि तुम्हाला पुढच्या वर्षी ठेवून गेले असतील, आणि दोन्ही वर्षं आता एकच झालीत.

खासबागेचं तर असं आहे की ते मैदान बघितलेला माणूस विसरत नाही, आणि न बघितलेल्याला पण ऐकून ऐकून बघितल्यासारखं वाटतं. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात रोमचं जुनं गोल क्रीडांगण त्यांनी बघितलं आणि तसंच आपल्या पैलवानांसाठी करायचं मनात घेतलं असं सांगतात, १९१२ साली खासबाग उभं राहिलं. खाली मधोमध आखाडा आणि चहूबाजूंनी उतरत आलेली बसायची जागा, त्यामुळं मागच्या माणसालाही पकड दिसते. मग खांद्यावर कशाला बसावं लागलं असं तुम्ही भावाला विचाराल, विचारू नका. आत शिरताना गर्दीत लहान पोराला खांद्यावर घेतातच.

तपासायचंच असेल तर कुस्ती कुणाची होती ते आधी भावाकडनं काढून घ्या. पैलवानांची नावं आठवली तर साल सापडतं. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, दिनकर दह्यारी १९६१ साली पहिले महाराष्ट्र केसरी, असल्या खुणा धरून आजोबांच्या बोलण्यातलं कुठलं वर्ष कुठलं ते लावता येतं. साल मिळालं की जुनी वर्तमानपत्रं कुठं बघायला मिळतात ते करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन विचारा, १८५० सालची संस्था आहे, तिथली माणसं वाट दाखवतील. तुमच्या पेठेतल्या तालमीत एखादे जुने वस्ताद असतील तर त्यांच्याकडं आधी जा, पेपरपेक्षा लवकर काम होईल.

आणि नाहीच सापडलं तर दोन्ही लिहून ठेवा. 'दादा म्हणतो खांद्यावर, मी म्हणतो दारात.' मला विचाराल तर मला तुमचीच आठवण जास्त आवडली. ज्याला नेलं नाही त्याच्यासाठी बत्तासे आणायचं आजोबांच्या ध्यानात होतं. पण भावाला हे माझ्या नावानं वाचून दाखवू नका, परत वाद होईल, आणि जेवणावरनं तर उठूच नका हो, तिथी त्यांची आहे.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची हिशेबाची वही सापडली, सगळी मोडी लिपीत आहे. आजोबा लहानपणी मला त्यातलं वाचून दाखवायचे. आता वाचणारं कुणी नाही. रद्दीत द्यायचं मन होत नाही.
– जयसिंगपूर

देऊ नका, एवढंच आधी सांगते. मराठीचा कारभार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीत चालत होता, त्यामुळं असल्या वह्या घरोघर आहेत आणि घरोघर जाळल्या पण जाताहेत. पहिलं काम म्हणजे प्रत्येक पानाचा उजेडात सरळ वरून फोटो काढा, पान फाटत असेल तर उलटायची घाई नको, पिना आणि चिकटपट्टी अजिबात नको. मग मोडी वाचणारं माणूस शोधा. कोल्हापुरात सरकारचं पुरालेखागार आहे, संस्थानाची ढीगभर मोडी कागदपत्रं तिथं आहेत, तिथं मोडी जाणणारी माणसं भेटतात. आणि जमलं तर स्वतःच शिका. अक्षरं ओळखीची व्हायला फार काळ लागत नाही, हात बसायला लागतो. आजोबा त्यातलं नेमकं काय वाचून दाखवायचे ते आठवतंय तेवढं आजच वेगळ्या कागदावर लिहा, ते पान वहीत कुठंतरी असणार.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, अल्बम सगळे गेले. आजोबांची एक कॅसेट वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. त्यात ते भजन म्हणतात, मधे मधे आम्हा पोरांना ओरडतात. आता बघितलं तर टेपवर पांढरे ठिपके दिसताहेत. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणलाय. लावून बघू का?
– शुक्रवार पेठ

थांबा. लावू नका. हे उत्तर छापून यायच्या आधीच तुम्हाला कळवलंय, तरी सगळ्यांसाठी लिहिते कारण असल्या कॅसेटी बऱ्याच घरांत असतील.

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशीच लावली तर ती टेपरेकॉर्डरच्या हेडवर बसते, तिथनं पुढच्या कॅसेटीला लागते, आणि चिकटलेली टेप ओढली जाऊन तुटू शकते. कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी करा, प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून उभी ठेवा, हात लावताना नाका-तोंडाला फडकं बांधा. साफ करायचं काम सवयीच्या माणसाकडंच द्या, आपण कापसानं पुसायला जातो आणि वरचा थरच निघून येतो, आवाज त्या थरातच असतो.

ज्यांच्या कॅसेटीला बुरशी नाही त्यांनी आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही बारके तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा, इतकी वर्षं एकाच जागी बसलेली टेप सैल होते. मग टेपरेकॉर्डरच्या लाईन आउटमधनं वायर कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करा, टेपसमोर मोबाईल धरून नको, पंख्याचा आवाज येतो. फाईल वेव्ह प्रकारात ठेवा, एमपीथ्री भावंडांना पाठवायला. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू पाहिजे, आधी ऐकून बघू मग करू असं नको, कधीकधी जुनी टेप एकदाच वाजते. नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर जास्तच जपा, तिची टेप साठवाल्यापेक्षा पातळ असते. आणि प्रती तीन करा, त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो नदीपासून लांबच्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही ते घरात बघितलंय.

फाईल झाली की हेडफोन लावून नुसतं भजनच ऐकू नका, मागचं ऐका. तुम्ही लिहिलंय ते पोरांना ओरडणं, भांड्याचा आवाज, कुणीतरी चहा झाला म्हणून हाक मारतंय, सांगली आकाशवाणी चालू आहे. कुठल्या मिनिटाला काय ऐकू येतं आणि तो आवाज कुणाचा, हे तुमच्या आई-काकांना शेजारी बसवून लिहून घ्या. हे ओळखणारी माणसं आहेत तोवरच.

अल्बम गेले त्याचं वाईट वाटतं. पुन्हा कुणावर अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, एकमेकांना चिकटलेले ओले फोटो ओढून सोडवायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, आपोआप सुटतात, मग फोटोची बाजू वर करून सावलीत वाळवा. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि घर आवरल्यावर करा.

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. माझे वडील, म्हणजे तिचे आबा, दोन महिन्यांपूर्वी गेले. ते तिला रोज संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर (तिथं समोर म्हशीची धार काढून पेल्यात देतात) न्यायचे, लहानपणी माझ्या आज्जानं मला न्यायचं तसंच. तिला आबा आठवतील का? आणि दुसरं, मला आता गंगावेशीतनं जाववत नाही, गाडी लांबनं घालतो.
– उत्तरेश्वर पेठ

भावा, खरं सांगायचं तर तिच्याजवळ तिची स्वतःची म्हणून आठवण राहील का, हे काठावर आहे. बहुतेक मोठ्या माणसांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्याच्या आधीचं सगळं पुसट होतं. पण हे सगळीकडं सारखं नाही. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत सगळ्यात जुनी आठवण सरासरी तीन वर्षांच्याही आतली सापडली. त्यांच्या घरांत गेलेल्या माणसांबद्दल, घराण्याबद्दल पोरांसमोर खूप बोललं जातं, त्याच्याशी याचा संबंध असावा असं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं. ज्या पोरांशी आई-बाप झालेल्या गोष्टी खोदून खोदून बोलतात त्या पोरांच्या आठवणी जास्त टिकतात, एवढं बऱ्याच ठिकाणी दिसलंय.

म्हणजे हे तुमच्या हातात आहे. आणि तुम्ही तर गाडी लांबनं घालताय.

मी तुम्हाला रागावत नाही. माझे आज्जा गेल्यावर मी पण वर्षभर मिलच्या भिंतीकडं बघत नव्हते. पण तुमच्याकडं वेळ कमी आहे, कारण तिच्याकडं कमी आहे. आता विचारलंत तर ती सांगेल, आबांनी पेला कुठल्या हातात धरला होता, म्हशीला काय म्हणाले, दुधाच्या मिशा कशा झाल्या आणि आबांनी कशानं पुसल्या. वर्षभरानं नाही सांगता येणार. 'आबा आठवतात का गं' असं विचारलं की ती नुसतं हो म्हणेल. 'म्हस कुठं उभी होती?' असं विचारा. तिचं उत्तर चुकलं तरी दुरुस्त करू नका, तसंच्या तसं तारीख घालून लिहा, जमलं तर आवाज रेकॉर्ड करा.

तिला घेऊन संध्याकाळी कट्ट्यावर जा. समोर धार काढतात, फेसाचा पेला हातात येतो, तुमचे वडील नेहमी ज्यांच्याकडं घ्यायचे त्यांच्याकडंच घ्या, ते विचारतील आबा कुठं आहेत, तेवढं एकदा सांगावं लागेल. लहान लेकराला कच्चं दूध नको असं डॉक्टर सांगतात, तेव्हा तिच्यासाठी घरी नेऊन तापवा, तिथं पेला फक्त हातात धरू द्या. पहिल्या दिवशी तुम्हाला घोट जाणार नाही. दुसऱ्या दिवशी परत जा. आणि तुमच्या आज्जानं तुम्हाला तिथं काय सांगितलं होतं ते तिला सांगा, कारण ते तिच्या आबांनी पण तिला सांगितलं असेल, आणि बहुतेक तीच तुम्हाला मधेच थांबवून म्हणेल, मला माहितीय.